साचेखात्यातले कान

गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, नवीन लागलेल्या बदली कामगाराला आधी हातवारे शिकावे लागत. ओठांवर दोन बोटं म्हणजे विडी ओढून येतो, माझ्या साच्यांकडे बघ. मनगटावर टिचकी म्हणजे पाळी सुटायला वेळ किती. डोक्यावर टोपी ठेवल्यासारखं केलं की जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय. बाकीचं बोलणं ओठांवरून वाचायचं. माझे आप्पा लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. पलीकडच्या साच्यावरचा गाववाला आवाज न काढता कणकवलीकडची सगळी खबर कशी सांगायचा, ते आम्हाला करून दाखवत. इंग्लंडातल्या लँकेशरच्या गिरण्यांतल्या विणकर बायाही असंच बोलत. त्यांच्या मुलखातले माग बोटीने मुंबईला आले, आणि त्यांच्यासोबत ओठ वाचण्याची गरजही आली.

मी श्रवणतज्ज्ञ आहे. लोकांचं ऐकणं मोजण्यात माझी नोकरीची वर्षं गेली, आणि आता स्मृतिभ्रंशाच्या तपासणीला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे कान मी बघते. या दोन कामांच्या मध्ये गिरणगावचा एक इतिहास पडलेला आहे. त्याची मोजदाद फार उशिरा सुरू झाली आणि अजून अर्धीच झालेली आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवच्या गिरणीची उभारणी सुरू केली, तेव्हापासून धरलं तर मुंबईच्या गिरण्यांचा काळ दीडशे वर्षांच्या आसपास जातो. या गिरण्यांत सगळ्यात मोठा आवाज साचेखात्याचा. जुन्या मागात धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला फेकण्यासाठी एक दांडा त्याला ठोसा मारतो, आणि पलीकडे तो पेटीत आदळून थांबतो. मिनिटाला दोनशेच्या आसपास असे ठोसे. एका खात्यात शेकडो माग. सूत कोरडं पडून तुटू नये म्हणून हवेत दमटपणा राखायचा आणि खिडक्या बंद ठेवायच्या, म्हणजे आवाजालाही बाहेर जायला वाट नाही. अशा खात्यांत आवाजाची पातळी शंभर डेसिबलच्या घरात असते. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला घातलेली मर्यादा ९० डेसिबलची आहे. नव्वद आणि शंभर हे आकडे कागदावर जवळजवळ वाटतात, पण डेसिबलच्या हिशेबात शंभर म्हणजे नव्वदच्या दहापट ऊर्जा कानावर पडते.

गिरणीतल्या इतर खात्यांपेक्षा साचेखात्यात मजुरी चांगली होती, आणि तिथे कोण शिरू शकतं हे जातीने ठरवलेलं होतं. धोट्यातली कांडी संपली की नवी घालून तिचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावं लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागणार, म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्यांना या खात्यात येऊ देत नसत. १९२८ चा सहा महिन्यांचा संप साच्यांची संख्या आणि मजुरी यांवरून पेटला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संप समितीपुढे ठेवला आणि सगळी खाती सगळ्यांना खुली करण्याची मागणी लावून धरली. ती मागणी न्याय्यच होती. पण ज्या खात्याचं दार उघडावं म्हणून माणसं झगडत होती, त्याच खात्यात कान जात होते. चांगल्या पगाराच्या जागेची ही किंमत तेव्हा कुणाच्या हिशेबात नव्हती.

धंद्याने बहिरेपण येतं हे ज्ञान नवीन मुळीच नव्हतं. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, त्याची वाढवलेली आवृत्ती १७१३ ची. व्हेनिसचे तांबट एकाच वस्तीत राहतात, दिवसभर तांबं ठोकतात, त्यांच्या कानांवर त्याचा परिणाम होतो आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असं त्याने नोंदवलं. हे वाचलं तेव्हा मला लगेच पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी आठवली. पेशवाईत कोकणातून आलेली ही तांबट घराणी. मठारकामाचा तो एकसारखा ठोका एका गल्लीत सुरू झाला की दुसऱ्या गल्लीपर्यंत ऐकू येतो. व्हेनिस आणि कसबा पेठ यांच्यात फरक एवढाच, की तिथे एक वैद्य आळीत गेला आणि त्याने लिहून ठेवलं.

पुढे १८८६ मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार यांनी नुसतं निरीक्षण सोडून मोजमाप केलं. बॉयलर बांधणारे शंभर कामगार घेतले, तुलनेसाठी ओतकामवाले शंभर आणि टपाल वाटणारे शंभर. साधन काय, तर खिशातलं घड्याळ. त्याची टिकटिक कानापासून किती अंतरावर ऐकू येते ते इंचांत मोजायचं. बॉयलरवाल्यांची अवस्था सगळ्यात वाईट निघाली. पण बार यांनी आणखी एक गोष्ट विचारली, आणि माझ्या लेखी तीच मोठी: सभेत किंवा चर्चमध्ये बोललेलं तुम्हाला कळतं का? बहुतेक बॉयलरवाल्यांचं उत्तर नकाराचं होतं. घड्याळ कानाची अवस्था सांगतं. सभेचा प्रश्न, तो माणूस आता कुठे जायचा बंद झाला आहे, ते सांगतो.

या दुसऱ्या प्रश्नाला पूर्ण न्याय मिळाला डंडीत. स्कॉटलंडमधलं हे गाव तागावर उभं राहिलं. ताग बंगालचा, आणि पुढे हुगळीकाठच्या ताग गिरण्यांनीच त्या गावाचा धंदा खाल्ला, म्हणून हिंदुस्थानशी त्याचं नातं जुनं आहे. मुंबईच्या साचेखात्यात पुरुष असत. डंडीत माग चालवायच्या त्या बायका. १९६० च्या दशकात विल्यम टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की या गिरण्यांतले माग कित्येक दशकं बदललेले नाहीत. म्हणजे आजचा आवाज मोजला की चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचाही कळला. वीस वर्षांची पोरगी, पन्नाशीची बाई आणि निवृत्त म्हातारी, तिघींनी तोच आवाज ऐकलेला, फक्त कमीजास्त वर्षं. कान किती वर्षांत किती जातो, याचा आलेख त्यांना त्या बायकांच्या कानांवरून काढता आला. १९६५ मध्ये तो छापून आला. आम्ही शिकलो तेव्हा तो आलेख पुस्तकात होता, त्यामागच्या बायका मात्र नव्हत्या.

त्या बायका भेटतात १९७१ च्या दुसऱ्या एका निबंधात. ९६ विणकर बायका आणि त्यांच्या वयाच्या, मागावर कधीही काम न केलेल्या ९६ बायका. त्यांना विचारलेले प्रश्न घरगुती होते. सभेत ऐकू येतं का? अनोळखी माणसाशी बोलताना अडतं का? टेलिफोन वापरता का? ओठ बघावे लागतात का? विणकर बायकांची उत्तरं आणि दुसऱ्या गटाची उत्तरं यांत प्रचंड अंतर निघालं. सभा, चर्च, फोन, दुकानातलं बोलणं, एकेक गोष्ट त्यांच्या हातून निसटत गेली होती. एकमेकींशी मात्र त्या नीट बोलत, कारण सगळ्यांना ओठ वाचता येत होते. खात्यात जे कौशल्य सगळ्यांकडे होतं, ते खात्याबाहेरच्या जगाकडे नव्हतं. निवृत्ती म्हणजे त्यांच्यासाठी पगार थांबणं तर होतंच, आपल्याला समजून घेणारी माणसं सुटणंही होतं.

मुंबईत काय चाललं होतं? परळला केईएम रुग्णालय १९२६ पासून गिरण्यांच्या कुशीतच होतं. तिथे डॉ. एस. आर. कामत यांनी कापसाच्या तुसाने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा, बिसिनोसिसचा, गिरणी कामगारांत अभ्यास केला. ते काम मोलाचं आहे आणि त्यामुळे खोकत मरणाऱ्या माणसांच्या आजाराला नाव मिळालं. कानाचं तसं नाही. कानाने कुणी मरत नाही, कामावर खाडा पडत नाही. उलट बहिरा साचेवाला मालकाला परवडतो, त्याला गोंगाटाचा त्रास होत नाही. श्रवणतज्ज्ञ घडवणारी शाळासुद्धा मुंबईत नायर रुग्णालयात सुरू झाली ती १९६६ मध्ये. म्हणजे पहिल्या गिरणीनंतर शंभरहून जास्त वर्षांनी.

कायदा त्याआधीच होता. आवाजाने गेलेल्या ऐकण्याची भरपाई मिळण्याची तरतूद १९४८ पासून आहे. प्रत्यक्ष पहिली भरपाई मिळाल्याची नोंद १९९६ ची. मधली अठ्ठेचाळीस वर्षं मी अनेकदा मोजून पाहिली आहेत. त्या काळात आप्पा गिरणीत लागले, त्यांची बदलीची वर्षं संपून ते कायम झाले, संपावर गेले आणि घरी बसले. पहिली भरपाई झाली तेव्हा गिरण्यांची जमीन विकायची चर्चा सुरू होती. दावा करायचा तर आवाजाची नोंद हवी, नोकरीच्या सुरुवातीचा श्रवणालेख हवा. ज्या खात्यात कधी कुणी आवाज मोजला नाही, तिथल्या माणसाने तो कुठून आणायचा?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, साठाहून अधिक गिरण्या. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि राजकारण मी लिहिणार नाही. मला एक गोष्ट सांगायची आहे, ती आमच्या चाळीतली. साचे थांबले तरी साचेवाल्यांच्या कानांतले साचे थांबले नाहीत. आवाजाने इजा झालेल्या कानात शिट्टी, घरघर, भोंगा असं काहीतरी सतत वाजत राहतं. बाहेर गलका असेपर्यंत ते झाकलेलं असतं. संपाच्या महिन्यांत रात्रपाळी नव्हती आणि गिरणीचा भोंगाही नव्हता. खोल्या रात्री शांत असत, आणि माणसं गॅलरीत येऊन बसत, कारण आडवं पडलं की आवाज वाढायचा. पगार नाही, गावाला तोंड दाखवायचं कसं ही चिंता, वर झोप नाही. कुणी दारूकडे वळलं, कुणी बोलणंच सोडलं. बायकांनी खानावळी चालवल्या, घरकामं धरली आणि घरं तगवली.

मानसिक आजाराच्या तपासणीत एक प्रश्न ठरलेला असतो: तुम्हाला आवाज ऐकू येतात का? म्हातारा साचेवाला सरळ उत्तर देतो, हो, रात्रंदिवस येतात. माझ्याकडे पाठवलेल्या एका चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं, ‘आवाज येतात, संशयी’. त्या माणसाला बसवून विचारलं, आवाज कुणाचा? तो म्हणाला, ‘कुणाचा कसा बाई, साच्याचा.’ आणि संशयी का, तर घरचे कुजबुजतात असं त्याला वाटे. ते कुजबुजत नव्हते, नेहमीच्या आवाजात बोलत होते.

इथे कानाची थोडी माहिती सांगायला हवी. गोंगाटाने कान जातो तो वरच्या सुरांकडून, श्रवणालेखात चार हजार हर्ट्झपाशी पहिला खड्डा पडतो. मराठीतले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, च, थ, फ ही व्यंजनं पुसली जातात. ‘सात’, ‘साठ’, ‘हात’, ‘आठ’, ‘पाठ’ सगळे एकसारखे. म्हणून हे लोक म्हणतात, ‘ऐकू येतं, पण कळत नाही’. घरच्यांना वाटतं नाटक करतात, कारण हाक ऐकू आलेली दिसते आणि उत्तर भलतंच येतं. भलतंच उत्तर देणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आपण काय म्हणतो ते सगळ्यांना माहीत आहे. त्याला विसरायला होतं, भ्रम झाला, वय झालं.

जगभर वापरली जाणारी स्मरणशक्तीची छोटी चाचणी फोलस्टाइन मंडळींनी १९७५ मध्ये बनवली. त्यात तीन शब्द सांगायचे, थोड्या वेळाने परत विचारायचे. वजाबाकी करायला लावायची. कागदावर लिहिलेलं वाचून तसं करायला सांगायचं. आपल्याकडच्या न शिकलेल्या माणसांना ती लागू पडेना, म्हणून १९९० च्या दशकात हरियाणात बल्लभगढला मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हिंदीत नवी घडवली. लिहिता-वाचता न येण्यामुळे गुण जाऊ नयेत याची त्यात काळजी घेतली. फार चांगलं काम. शाळा न शिकलेल्याची अडचण ओळखली गेली, तशी ऐकू न येणाऱ्याची अडचण आपल्या दवाखान्यांत अजून रोजच्या रोज ओळखली जात नाही. तीन शब्द सांगितले आणि ते ऐकूच आले नाहीत, तर ते लक्षात ठेवायचे कसे?

आप्पांची ही चाचणी एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात झाली. करोनाचे दिवस होते, विचारणाऱ्या मुलाच्या तोंडावर मुखपट्टी. आयुष्यभर ओठ वाचलेल्या माणसासमोरून ओठच काढून घेतलेले. कागदावर गुण अगदी कमी आले. आठवड्याने माझ्या खोलीत, दार बंद करून, कानाला खिशातलं साधं ध्वनिवर्धक यंत्र लावून, मुखपट्टीऐवजी पारदर्शक ढाल घालून माझ्या सहकारी बाईने तीच चाचणी केली. गुण वाढले. पूर्ण आले नाहीत. वार चुकला, तिसरा शब्द आलाच नाही, आणि चाचणीबाहेर घड्याळ काढायला सांगितलं तेव्हा सगळे आकडे एका बाजूला गेले. स्मृतिभ्रंश खरोखरच सुरू झालेला होता. कानामुळे तो असायला हवा त्याहून खूप मोठा दिसत होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या, आणि त्यांचा उपाय वेगवेगळा होता.

मग पुढचा प्रश्न येतो: कान गेल्यामुळेच स्मरणशक्ती जाते का? अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सचे फ्रँक लिन हे कानाचे डॉक्टर. बाल्टिमोरच्या एका दीर्घ अभ्यासातले ६३९ लोक त्यांनी निवडले. सुरुवातीला त्यांचे कान तपासलेले होते आणि स्मृतिभ्रंश कुणालाच नव्हता. बारा वर्षांच्या आसपास त्यांचा मागोवा घेतल्यावर ५८ जणांना तो झालेला निघाला. सौम्य बहिरेपण असणाऱ्यांत धोका जवळजवळ दुप्पट, मध्यम असणाऱ्यांत तिप्पट, तीव्र असणाऱ्यांत पाचपटीच्या आसपास. हा निबंध २०११ चा. कारणं तीन सांगितली जातात. अर्धवट ऐकलेलं जुळवण्यात मेंदूची सगळी ताकद खर्च होते आणि लक्षात ठेवायला उरत नाही. कानाकडून काही येईनासं झालं की मेंदूचा तो भाग आक्रसतो. आणि माणूस माणसांतून उठतो. डंडीच्या बायकांची उत्तरं ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे तिसरं कारण नवीन वाटणार नाही.

‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१७ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत बहिरेपणाला सगळ्यात मोठा वाटा दिला, ९ टक्के. २०२० मध्ये तो ८ झाला, २०२४ मध्ये ७. हे आकडे सांगताना मी कायम एक अट जोडते: हा संबंध खरोखर कारणाचा असेल तरच. पडताळणीसाठी अमेरिकेत ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक घेऊन प्रयोग झाला. अर्ध्यांना श्रवणयंत्र आणि ते वापरण्याचं नीट शिक्षण दिलं, उरलेल्यांना आरोग्याची सर्वसाधारण माहिती. तीन वर्षांनी, २०२३ मध्ये निकाल आला. सगळे मिळून पाहिलं तर दोन गटांत फरक नाही. पण हृदयविकाराच्या जुन्या अभ्यासातून आलेला एक गट होता, वयाने जास्त, बाकीचे आजार जास्त. त्यांच्यात श्रवणयंत्र मिळालेल्यांची बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी भरली. पुढे त्याच प्रयोगातून असंही दिसलं की यंत्र मिळालेल्यांच्या बोलण्याचालण्यातली माणसं कमी तुटली, तीन वर्षांत सरासरी एक माणूस जास्त टिकला. एका माणसाचा फरक लहान आहे असं म्हणणाऱ्याने चाळीत एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याचा दिवस पाहावा.

माझं मत मी स्पष्ट सांगते. श्रवणयंत्राने स्मृतिभ्रंश टळतो असं म्हणून यंत्रं विकणाऱ्यांना आजच्या पुराव्याचा आधार नाही. पण ज्याला ऐकू येत नाही त्याला ऐकू यावं, यासाठी स्मृतिभ्रंशाचं कारण लागतंच कशाला? ज्या गटाला प्रयोगात फायदा दिसला, त्याचं वर्णन मी वाचते तेव्हा मला माझे साचेवाले दिसतात: वय झालेले, रक्तदाब, मधुमेह, विडी, कमी शिक्षण. आणि त्यांचे कान वयाने गेले त्याच्या कितीतरी आधी कामाने गेलेले.

या लोकांना शोधणं अवघड नाही. गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांसाठी म्हाडाकडे दीड लाखाहून जास्त कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. त्यांनी तिकीट, हजेरीपत्रक, विमा कार्ड, भविष्यनिर्वाह निधीचे कागद जपून ठेवले होते, ते जोडले. आप्पांच्या तिकिटावर खात्याचं नाव आहे. कोण किती वर्षं साचेखात्यात होता, कोण रिंगखात्यात, कोण वाइंडिंगला, हे या कागदांवरून लावता येईल. डंडीच्या अभ्यासकांना जी तुलना हवी होती ती इथे घरबसल्या तयार आहे: तीच चाळ, तेच जेवण, आणि कानावर पडलेला आवाज वेगवेगळा. हयात असलेले बहुतेक जण सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यातले पुष्कळ कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरकडे परत गेले. श्रवणमापक यंत्र आता पिशवीत मावतं, गावच्या शाळेची शांत खोली पुरते. आधी कान तपासायचे, गरज असेल त्याला यंत्र लावायचं, आणि मगच तीन शब्द सांगायचे. माझ्या खात्यातली दोन तरुण मुलं यायला तयार आहेत; कणकवली तालुक्यातल्या अर्जदारांची यादी आम्ही मागितली आहे.